पावसाळ्यात दरवर्षी अडकणारं इन्स्टॉलेशन: ॲप्ट आणि डीपीकेजीची कायमची दुरुस्ती

मिरगाचा पाऊस सुरू झाला की आठवड्याभरात मला वाचनालयातून फोन येतो. फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात दोन कॉम्प्युटर आहेत, दोन्हींवर उबुंटू २२.०४, म्हणजे लिनक्सवरची ऑपरेटिंग सिस्टम. एकावर पुस्तकांची नोंद होते, दुसरा मुलांना मराठी टायपिंगला आणि फॉर्म भरायला असतो. ग्रंथपाल काकी एकट्याच सगळं सांभाळतात, दुपारी ४ ते संध्याकाळी साडेसात.

"अरे, ते परत अडकलं बघ. प्रिंटरचं काहीच घालू देत नाही."

"काकी, स्क्रीनवर काय लिहिलंय तेवढं वाचा."

"लॉक म्हणतोय. गेल्या वर्षी म्हणत होता तेच."

लागोपाठ तीन पावसाळे मी गाडी काढून गेलो, अर्ध्या तासात मशीन चालू करून दिलं आणि परत आलो. मशीन चालू झालं, पण ते का बिघडतं हे मी बघितलंच नव्हतं. यंदा दोन संध्याकाळी तिथेच बसून बघितलं. काय सापडलं ते खाली सविस्तर लिहितो, कारण गोव्यातल्या शाळांत, पंचायतीत आणि घरोघरीच्या जुन्या मशीनवर मला हाच प्रकार दिसतो. संध्याकाळी थोडा वेळ चालू होणारं मशीन आणि पावसात येणारी-जाणारी वीज, एवढं जमलं की हा बिघाड व्हायला आणखी काही लागत नाही.

आज्ञा मी काकींना फोनवर सांगतो तशाच उच्चारानुसार लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे. सुडो म्हणजे एस-यू-डी-ओ, ॲप्ट म्हणजे ए-पी-टी, डीपीकेजी ही चार सुटी अक्षरं जोडून. ॲप्ट सॉफ्टवेअरचे गठ्ठे, म्हणजे पॅकेजं, उतरवून आणतो आणि डीपीकेजी ती मशीनवर बसवतो. सुडो लावलं की आज्ञा मशीनच्या मालकाच्या हक्काने चालते. दोन आडव्या रेघा म्हणजे दोन वेळा वजाचं चिन्ह, मध्ये जागा न सोडता.

आधी वरची ओळ वाचा

इन्स्टॉलेशन फसलं की बहुतेक जण शेवटच्या ओळीचा फोटो काढून पाठवतात. ती ओळ बहुधा "सब-प्रोसेस डीपीकेजी रिटर्न्ड ॲन एरर कोड १" अशी असते. या ओळीतून काहीच कळत नाही. ताप आला हे कळलं, कशाने आला ते नाही. खरं कारण त्याच्या दहा-वीस ओळी वर असतं. त्यामुळे पहिल्यांदा "एरर" किंवा "ई:" हा शब्द जिथे आला तिथपर्यंत वर सरका आणि ती ओळ वाचा. टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, बंद करून बसला असाल तरी हरकत नाही. ॲप्ट आपलं सगळं बोलणं व्हार, लॉग, ॲप्ट या फोल्डरात टर्म.लॉग नावाच्या फाइलीत लिहून ठेवतो. कधी कोणती आज्ञा दिली गेली हे शेजारच्या हिस्टरी.लॉगमध्ये मिळतं, आणि काकींनी "मी काही केलं नाही रे" म्हटलं तेव्हा ते खरंच होतं हे मला त्या फाइलीनेच दाखवलं.

लॉक: कोणी धरलंय ते विचारा, फाइल उडवू नका

"कुड नॉट गेट लॉक, व्हार लिब डीपीकेजी लॉक-फ्रंटएंड." ही सगळ्यात जास्त दिसणारी तक्रार, आणि तिच्यावर सगळ्यात जास्त सुचवला जाणारा उपायच सगळ्यात जास्त नुकसान करतो. तो उपाय म्हणजे आरएम देऊन लॉकची फाइल उडवणे. मीही पहिल्या वर्षी तेच केलं होतं, आणि पुढच्या दोन वर्षांचा त्रास त्यातून वाढला असं आज मला वाटतं.

लॉकची ती फाइल कायम तिथेच असते. मशीन रिकामं बसलेलं असतानाही असते. फाइल आहे म्हणजे कुलूप आहे असं नाही. जो प्रोग्रॅम काम करत असतो तो त्या उघडलेल्या फाइलीवर कर्नेलकडून, म्हणजे सिस्टमच्या गाभ्याकडून, हक्क मागून घेतो, आणि तो प्रोग्रॅम संपला, मेला, वीज गेली, तरी तो हक्क आपोआप सुटतो. म्हणून जुनं, विसरलेलं लॉक मागे उरतच नाही. कुलूप दिसतंय म्हणजे आत्ता या क्षणी आत कोणीतरी काम करतंय. आता तुम्ही फाइल उडवली तर आतल्याचा हक्क जुन्या फाइलीवर तसाच राहतो. तुमचा ॲप्ट त्याच नावाची नवी फाइल तयार करतो, तिच्यावर हक्क मिळवतो, आणि दोघं एकाच वेळी एकाच नोंदवहीत, म्हणजे कोणतं पॅकेज कुठवर बसलं हे डीपीकेजी लिहून ठेवतो तिच्यात, लिहायला बसतात. नोंदवही बिघडणार नाही तर काय होणार?

त्यामुळे विचारायचं ते एवढंच: आत कोण आहे? उबुंटू २०.०४ पासूनचा ॲप्ट हे स्वतःच सांगतो. "हेल्ड बाय प्रोसेस" नंतर एक नंबर आणि कंसात नाव. वाचनालयाच्या मशीनवर ते नाव "अनअटेंडेड-अपग्र" असं तुटकं होतं. लिनक्स प्रोसेसचं, म्हणजे चालू प्रोग्रॅमचं, नाव १५ अक्षरांवर कापून दाखवतो म्हणून ते अर्धवट दिसतं. मूळ नाव अनअटेंडेड-अपग्रेड, म्हणजे उबुंटूची आपोआप सुरक्षा-अपडेट घालणारी व्यवस्था. हा कोणी घुसखोर नाही, घरचाच माणूस आहे.

तो खरंच काम करतोय की अडकलाय, हे बघायला:

सुडो टेल -एफ /व्हार/लॉग/अनअटेंडेड-अपग्रेड्स/अनअटेंडेड-अपग्रेड्स-डीपीकेजी.लॉग

ओळी पुढे सरकत असतील तर थांबा. जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल आणि चवथीच्या सुटीत मशीन आठ-दहा दिवस बंद असेल, तर साचलेले अपडेट पडायला अर्धा तास सहज जातो. नुसतं ॲप्ट वापरत असाल तर ते स्वतःच रांगेत उभं राहतं आणि किती सेकंद झाले ते मोजत बसतं. ॲप्ट-गेट मात्र थांबत नाही, लगेच तक्रार करून बाहेर पडतं. म्हणून काकींना मी ॲप्ट-गेट कधी सांगत नाही.

अगदीच घाई असेल तर सुडो किल आणि पुढे तो नंबर. पण नुसतं किल, किल -९ नव्हे. साध्या किलला अनअटेंडेड-अपग्रेड ऐकतो, हातातलं पॅकेज पुरं करतो आणि मग थांबतो. उबुंटूने हे काम मुद्दाम लहान लहान तुकड्यांत ठेवलंय ते यासाठीच. किल -९ म्हणजे वीज जाण्यासारखंच.

वीज गेली, काम अर्ध्यावर राहिलं

दुसरा निरोप: "डीपीकेजी वॉज इंटरप्टेड." इथे मशीनने औषधही त्याच ओळीत लिहून दिलेलं असतं:

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए

हे नेमकं काय करतं हे कळलं की भीती जाते. डीपीकेजी पॅकेज दोन टप्प्यांत बसवतो. आधी फाइली उघडून जागेवर ठेवतो, मग त्या पॅकेजची मांडणी करतो, म्हणजे त्याची सेवा सुरू करणे, नोंदी करणे वगैरे. पहिला टप्पा झाला आणि दुसऱ्याच्या आधी वीज गेली, की पॅकेज मध्येच लटकतं. वरची आज्ञा अशा लटकलेल्या प्रत्येकाचा दुसरा टप्पा पुरा करते. काही पुसत नाही.

कोण लटकलंय ते बघायला डीपीकेजी -एल ही यादी आहे. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला दोन अक्षरं असतात. दोन्ही "आय" असतील तर सगळं ठीक. "आय-यू" म्हणजे फाइली ठेवल्या, मांडणी बाकी. "आय-एफ" म्हणजे मांडणी अर्धवट. "आय-एच" म्हणजे फाइली ठेवतानाच तुटलं, हा सगळ्यात वाईट. सगळी यादी चाळायची नसेल तर सुडो डीपीकेजी --ऑडिट फक्त आजारी पॅकेजं सांगतं. यंदा वाचनालयात त्या यादीत सहा नावं होती, त्यात एक प्रिंटरचं.

क्रम असा ठेवा. आधी वरची कॉन्फिगरची आज्ञा. मग

सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल

मग सुडो ॲप्ट अपडेट, आणि शेवटी सुडो ॲप्ट फुल-अपग्रेड. या क्रमाला कारण आहे. नोंदवही अर्धवट असताना अपडेट करून नवी यादी आणली तर ॲप्ट अर्धवट पॅकेजवर आणखी नवी पॅकेजं रचायला बघतो. "आय-एच" वालं पॅकेज कॉन्फिगरने सुधारत नाही. त्याला सुडो ॲप्ट इन्स्टॉल --रीइन्स्टॉल आणि पुढे त्याचं नाव द्यावं लागतं.

एकदा कॉन्फिगर चालू असताना काकी म्हणाल्या, "आता जांभळी पाटी आली आणि सगळं गोठलं." माउस चालेना, एंटर चालेना. बटण दाबून बंद करू का, असं विचारत होत्या, आणि त्यांनी विचारलं हे फार बरं झालं. ती पाटी गोठलेली नव्हती, उत्तराची वाट बघत होती. फॉन्टच्या एका पॅकेजचा परवाना मान्य आहे का, असा प्रश्न होता आणि खाली "ओके" लिहिलेलं होतं. या पाट्यांवर माउस चालत नाही. टॅब दाबायचं, "ओके" रंगीत झालं की एंटर. कितीतरी "अडकलेली" इन्स्टॉलेशनं माझ्या अनुभवात या एका टॅबवर सुटली आहेत. तसाच दुसरा प्रश्न असतो: सेटिंगची फाइल तुम्ही बदललेली दिसते, नवी घालू की जुनी ठेवू? वाय, एन, डी अशी अक्षरं येतात. खात्री नसेल तर एन, जुनी राहू द्या.

नोंदवहीच फाटली तर

हे क्वचित होतं, पण झालं की लोक सगळी सिस्टम नव्याने घालतात, म्हणून जरा सविस्तर.

डीपीकेजी फाइल ठेवताना आधी शेवटी ".डीपीकेजी-न्यू" लावलेल्या नावाने लिहितो, ती डिस्कवर खरोखर उतरली याची खात्री करतो आणि मगच जुन्या नावावर फिरवतो. म्हणून तो थोडा हळू वाटतो. ही खात्री बंद करायचा "अनसेफ-आयओ" नावाचा पर्याय वेग वाढवायला म्हणून सुचवला जातो. पावसाळ्यात वीज जाते अशा ठिकाणी तो मुळीच वापरू नका.

तरीही स्वस्त डिस्क कधी कधी "उतरलं" म्हणते आणि उतरलेलं नसतं. मग निरोप येतो: "फाइल्स लिस्ट फाइल फॉर पॅकेज अमुक, मिसिंग फायनल न्यूलाइन." म्हणजे त्या पॅकेजच्या फाइलींची यादी कोरी किंवा अर्धवट राहिली. व्हार, लिब, डीपीकेजी, इन्फो या फोल्डरात त्या पॅकेजच्या नावाची .लिस्ट फाइल असते. ती पुसू नका, सुडो एमव्ही करून आपल्या होम फोल्डरात हलवा, आणि पॅकेज रीइन्स्टॉल करा. डीपीकेजी कुरकुर करेल की या पॅकेजची यादी मिळत नाही, फाइली नाहीतच असं धरतो. करू द्या. नवी यादी तो स्वतः लिहितो. एकापेक्षा जास्त पॅकेजं असतील तर एकेक करून तेच.

निरोप "पार्सिंग फाइल स्टेटस" असा असेल तर मुख्य नोंदवहीच बिघडली आहे. त्याच डीपीकेजी फोल्डरात "स्टेटस-ओल्ड" ही तिची आदली प्रत असते. तीही गेली असेल तर व्हार, बॅकअप्स या फोल्डरात डीपीकेजी.स्टेटस.० आणि पुढच्या आकड्यांच्या, आधीच्या दिवसांच्या प्रती असतात. बिघडलेली बाजूला ठेवा, चांगली प्रत तिच्या जागी सीपी करा, आणि पुन्हा कॉन्फिगरपासून सुरुवात करा. मधल्या काळात घातलेली पॅकेजं यादीत दिसणार नाहीत, ती हिस्टरी.लॉग बघून पुन्हा घाला.

आणि "रीड-ओन्ली फाइल सिस्टम" दिसलं तर पॅकेजचा नाद तिथेच सोडा. डिस्कवर चूक सापडली की उबुंटू पुढचं नुकसान टाळायला तिच्यावर लिहिणं बंद करतो. आधी पुस्तकांची नोंद पेनड्राइव्हवर घ्या. मग डीमेसेजमध्ये (कर्नेलचे निरोप दाखवणारी आज्ञा), म्हणजे डी-एम-ई-एस-जी, "आयओ एरर" आहेत का बघा. असतील तर डिस्क बदलायची वेळ आली. नसतील तर पेनड्राइव्हवरून उबुंटू चालू करून डिस्कच्या त्या पार्टिशनवर (भागावर) एफएसके, म्हणजे एफ-एस-सी-के, ही चुका दुरुस्त करणारी आज्ञा चालवा.

पण दरवर्षी का?

आता मूळ प्रश्न. आपोआप अपडेटची वेळ उबुंटूमध्ये सकाळी ६ ची ठरलेली असते, वर तासाभरात कधीही असा सैलपणा. सकाळी ६ ला वाचनालयाचं मशीन बंद. पण त्या टायमरला "पर्सिस्टंट" असा गुण दिलेला असतो: वेळ चुकली तर मशीन चालू झाल्यावर भरून काढ. म्हणजे काकी ४ वाजता बटण दाबतात आणि ४ ते ५ च्या मध्ये कधीतरी, कोणालाही न सांगता, पाठीमागे अपडेट सुरू होतं. मशीन मंद होतं. नेमका तेव्हाच कोणाला प्रिंट हवी असते, नाहीतर मी फोनवर काही घालायला सांगत असतो. लॉक दिसतं. काकी थोडं थांबतात, मग मशीन अडकलं म्हणून बटण दाबून बंद करतात. किंवा बटण दाबायची वेळच येत नाही, कारण जून-जुलैत दुपारनंतर वीज जातेच. अर्धवट पॅकेज. दुसऱ्या दिवशी पुन्हा ४ वाजता तोच टायमर, त्याच अर्धवट नोंदवहीवर.

मेपर्यंत हे कळत नाही, कारण वीज टिकते आणि अपडेट कसंही करून पुरं होतं. पावसाचा संबंध लिनक्सशी नव्हता, विजेशी होता, आणि विजेचा संबंध आमच्या ४ वाजण्याशी.

वाचनालयात यूपीएस होता. दिवाही लागत होता. मी भिंतीतली वायर काढून बघितली तर मशीन वीस सेकंदही तगलं नाही. आतली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी संपलेली होती. या बॅटऱ्या दोन-तीन वर्षांत दम सोडतात, आपल्या उकाड्यात आणि दमटपणात लवकरच. नवी बॅटरी घातली. लॅपटॉपला हा त्रास कमी असतो, कारण तो बॅटरीवर असेल तर आपोआप अपडेट सुरूच होत नाही. डेस्कटॉपला यूपीएसमागे वीज गेल्याचं कळत नाही, यूपीएसला यूएसबीची तार असेल आणि ती वाचणारं "नट"सारखं पॅकेज मांडलं असेल तर कळतं. आमच्या यूपीएसला ती तार नाही.

काही जण म्हणतील, आपोआप अपडेट बंदच करा. मी ते केलं नाही आणि करू नका असंच सांगेन. ज्या मशीनवर गावची मुलं अर्ज भरतात, आपले आधार नंबर टाकतात, त्यावर सुरक्षेचे अपडेट वेळेवर यायलाच हवेत. बंद करण्यापेक्षा त्याची वेळ आपल्या हातात घ्या:

सुडो सिस्टमसीटीएल एडिट ॲप्ट-डेली-अपग्रेड.टायमर

उघडलेल्या पानावर चार ओळी. पहिली, चौकोनी कंसात टायमर. दुसरी, ऑनकॅलेंडर आणि बरोबरचं चिन्ह, पुढे काही नाही. तिसरी, ऑनकॅलेंडर बरोबर १६:१५. चौथी, रँडमाइज्डडिलेसेक बरोबर ०. दुसरी ओळ कोरी सोडायचं विसरू नका. ती नसेल तर जुनी सकाळची वेळही राहते आणि नवीही लागते. याच्या आधी यादी उतरवणारा ॲप्ट-डेली.टायमर असतो, त्यालाही असंच १६:०५ लावा, नाहीतर अपग्रेड जुन्या यादीवर चालेल. झालं की सिस्टमसीटीएल लिस्ट-टायमर्स देऊन पुढची वेळ बरोबर दिसते का बघा.

४ ला मशीन चालू, सव्वाचारला अपडेट, पाचपर्यंत मशीनला काही घालायला सांगायचं नाही आणि बटण दाबून बंद करायचं नाही. काकींनी स्वतःच्या अक्षरात तसा कागद लिहून मॉनिटरच्या खाली चिकटवला. जुलैच्या मध्यापर्यंत सहा-सात वेळा वीज गेली. डीपीकेजी --ऑडिट प्रत्येक वेळी गप्प होतं.

लॉकही नाही, वीजही नाही, तरी बसत नाही

*उतरवताना तक्रार.* "४०४ नॉट फाउंड" आलं तर बहुतेक वेळा नुसतं सुडो ॲप्ट अपडेट राहिलेलं असतं. तुमच्या यादीतली आवृत्ती सर्व्हरवरून काढून तिथे नवी ठेवलेली असते. अपडेटलाच ४०४ येत असेल तर तुमची उबुंटू आवृत्ती संपली आहे का बघा. मधल्या आवृत्त्या ९ महिनेच चालतात आणि मग त्यांची पॅकेजं जुन्या आवृत्त्यांच्या वेगळ्या सर्व्हरवर जातात. वाचनालय, शाळा यांनी एलटीएस, म्हणजे लांब मुदतीची आवृत्तीच घालावी.

"हॅश सम मिसमॅच" म्हणजे उतरलेली फाइल आणि यादीतला तिचा ठसा जुळत नाही. सर्व्हर तेव्हाच बदलत असतो, किंवा मधल्या कोणत्यातरी साठ्याने शिळी फाइल दिली. सुडो ॲप्ट क्लीन द्या, व्हार, लिब, ॲप्ट, लिस्ट्स यातल्या फाइली काढा, पुन्हा अपडेट. इथे पुसायला हरकत नाही, कारण हा फक्त उतरवलेला माल आहे, नोंदवही नाही. तरीही तेच आलं तर सॉफ्टवेअर अँड अपडेट्समध्ये जाऊन भारताच्या सर्व्हरऐवजी मुख्य सर्व्हर निवडा, किंवा मोबाइलचा हॉटस्पॉट लावून बघा.

आणि एक विचित्र शब्द, "नोस्प्लिट". पणजीत एका कॅफेत बसून मित्राच्या लॅपटॉपवर हा आला तेव्हा तो हबकला. त्याच ओळीत पुढे विचारलेलं असतं की नेटवर्कला लॉगिन लागतं का. लागत होतं. वाय-फायचं लॉगिन पान उघडून ओटीपी टाकला नव्हता, त्यामुळे ॲप्टने मागितलेल्या यादीच्या जागी त्याला ते लॉगिन पानच मिळत होतं. ब्राउझर उघडा, लॉगिन करा, झालं.

*घड्याळ.* "रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट." ही फाइल अजून लागू व्हायची आहे, म्हणजे तुमच्या मशीनच्या मते ती उद्याची आहे. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की असं होतं. फसवणारी गोष्ट ही की तारीख अगदी जुनी दिसत नाही. उबुंटू शेवटची माहीत असलेली वेळ लिहून ठेवतो आणि घड्याळ त्याच्याही मागे असेल तर तिथून पुढे मोजतो. मग काल साडेसातला बंद केलेलं मशीन आज ४ वाजता चालू केलं की त्याच्या लेखी अजून कालचे साडेसातच असतात. वर्ष, महिना बरोबर, म्हणून कोणी तिकडे बघत नाही. टाइमडेटसीटीएल द्या आणि "सिंक्रोनाइज्ड" पुढे यस आहे का बघा. इंटरनेट असूनही नो असेल तर नेटवर्कवर वेळ विचारण्याचा रस्ता, यूडीपी १२३, बंद असतो. कॉलेजांत आणि कचेऱ्यांत हे सर्रास आढळतं. सेल बदला, तोवर वेळ हाताने लावा.

*जागा.* डिस्कवर किती जागा उरली ते बघायला डीएफ -एच. बूट नावाचं वेगळं पार्टिशन शंभर टक्के भरलेलं असेल तर जुने कर्नेल साचलेत. सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह --पर्ज. यूनेम -आरने दाखवलेला, सध्या चालू असलेला कर्नेल हाताने कधी काढू नका.

*अवलंबित्व.* "अनमेट डिपेन्डन्सीज", "हेल्ड ब्रोकन पॅकेजेस". मी बघितलेल्या बहुतेक मशीनवर यामागे बाहेरून जोडलेला एखादा पीपीए, म्हणजे उबुंटूच्या मुख्य साठ्याबाहेरचा पॅकेजांचा साठा, होता, नाहीतर दुसऱ्याच आवृत्तीसाठीची डेब फाइल, म्हणजे सुटं पॅकेज. ॲप्ट पॉलिसी आणि पॅकेजचं नाव दिलं की कोणती आवृत्ती कुठून येतेय ते समोर येतं. ॲप्ट-मार्क शोहोल्ड देऊन कोणी एखादं पॅकेज मुद्दाम रोखून ठेवलंय का तेही बघा. आणि ॲप्टने "हे काढावं लागेल" म्हणून लांबलचक यादी दाखवली तर वाय दाबायच्या आधी ती वाचा. त्यात डेस्कटॉपचं नाव दिसलं तर एन.

*किल्ली.* "नो पबकी" आलं तर त्या बाहेरच्या साठ्याची सही तपासायची किल्ली तुमच्याकडे नाही. ती त्यांच्या अधिकृत पानावरून घ्या आणि ईटीसी, ॲप्ट, कीरिंग्ज इथे ठेवा. सही न तपासता "ट्रस्टेड यस" करायचा सल्ला मानू नका.

*पाइथन.* पाइथनची पॅकेजं घालणारं पिप "एक्स्टर्नली मॅनेज्ड" म्हणून नकार देत असेल तर तो बिघाड नाही. डेबियन १२ आणि उबुंटू २३.०४ पासून असंच आहे. व्हेन्व्ह, म्हणजे पाइथनचा वेगळा कप्पा, करा आणि त्यात घाला.

यातून सुटलं नाही आणि कोणाला विचारायची वेळ आली तर चार गोष्टी सोबत द्या: एलएसबी_रिलीज -एचं (मधली रेघ खालची, अंडरस्कोर) उत्तर, दिलेली नेमकी आज्ञा, टर्म.लॉगमधला पहिल्या एररपासूनचा भाग, आणि डीपीकेजी --ऑडिट काय म्हणतं. फोटो नको, मजकूर कॉपी करून. काकी आता हे चारही एका फाइलीत घालून पाठवतात. गेल्या आठवड्यात त्यांनी पाठवलेल्या फाइलीत पहिलीच ओळ "नॉट व्हॅलिड येट" होती, म्हणून मी जाताना खिशात सेल घेऊनच गेलो.